जुन्या डेस्कटॉपला रॅम आणि एसएसडी बसवताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

कॅबिनेट उघडून रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते बिघडतं आधीच्या तयारीत. रॅम घरी आणल्यावर खाच जुळत नाही, ५०० जीबीच्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) ४८० जीबीच्या एसएसडीवर बसत नाही आणि नवीन विंडोज टाकून झाल्यावर आठवतं की टॅलीचं लायसन्स सरेंडर केलंच नव्हतं, म्हणजे जुन्या विंडोजवरून सोडवलंच नव्हतं. म्हणून इथे स्क्रू फिरवण्यापेक्षा क्रमावर भर आहे.

उदाहरणाला घराघरांत आढळणारा असेंबल्ड डेस्कटॉप घेतला आहे. मदरबोर्ड एच६१ (इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठी) किंवा एच८१ (चौथ्या पिढीसाठी), ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबी किंवा १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. लॅपटॉपमध्ये जे वेगळं आहे ते शेवटी दिलं आहे.

## टप्पा १: नेमकं काय अडतंय ते बघा

पीसी रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करू नका. विंडोज १० मधल्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउननंतरचा वेळ खोटा कमी दिसतो. डेस्कटॉप येऊन ब्राउझर उघडेपर्यंत किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून कागदावर लिहा. पाच मिनिटं थांबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा.

- डिस्क १०० टक्के, पण वाचन-लेखन सेकंदाला एक-दोन एमबी: हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावून दमलंय. एसएसडी हवी.
- नेहमीचे प्रोग्राम उघडल्यावर मेमरी ८५ टक्क्यांच्या वर: रॅम हवी.
- दोन्ही: ४ जीबीच्या मशीनवर बहुतेक वेळा हेच दिसतं. रॅम अपुरी पडली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर टाकतं, म्हणजे आजार रॅमचा आणि लक्षण डिस्कचं.
- दहा मिनिटांनी पंखा ओरडतो आणि मगच सगळं मंदावतं: गरमीचा प्रश्न. टप्पा ६ आधी करा, कदाचित तेवढ्यानेच भागेल.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींतले आकडे शून्य नसतील तर डिस्क खराब व्हायला लागली आहे. सी७ चा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, बहुधा सॅटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब आहे.

इशारा: डिस्क पिवळ्या किंवा लाल रंगात दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी टप्पा ५ मधला बॅकअप घ्या. मरणाऱ्या डिस्कचा क्लोन काढायला जाऊ नका. तासन्‌तास सलग वाचनात ती मध्येच बसते आणि तुमच्या फायली नेमक्या शेवटच्या भागात राहून जातात.

## टप्पा २: मशीनची कुंडली लिहून घ्या

स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ शोधा. तिथून मदरबोर्डचं मॉडेल, प्रोसेसर, बायोस मोड (लेगसी की यूईएफआय; बायोस म्हणजे विंडोजआधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) आणि सिस्टम ३२-बिट की ६४-बिट हे लिहून घ्या. टास्क मॅनेजरच्या मेमरी भागात रॅमचे किती स्लॉट भरले आहेत ते दिसतं. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी भागात कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबीची कोणती पट्टी आहे तेही कळतं.

३२-बिट विंडोज असेल तर ८ जीबी रॅम घालूनही ती साधारण सव्वातीन जीबीच वापरते. ३२ वरून ६४-बिटला अपग्रेड करून जाता येत नाही, नव्यानेच विंडोज टाकावं लागतं. ‘रॅम वाढवली, फरकच पडला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

शेवटी बायोसमध्ये जा (चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा) आणि सॅटा मोड आयडीई (डिस्कशी बोलण्याची जुनी पद्धत) आहे की एएचसीआय (नवी) ते बघा. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, हा फोटो पुढे दोनदा लागणार आहे.

## टप्पा ३: विंडोजचं काय ते आधीच ठरवा

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे एच६१ आणि एच८१ दोन्ही अधिकृतपणे बाद. पळवाटेने ते टाकता येतं, पण पुढच्या मोठ्या आवृत्त्या आपसूक येत नाहीत आणि काही अडलं तर मायक्रोसॉफ्ट हात वर करतं. बँकेचे व्यवहार आणि हिशेब ज्या मशीनवर होतात तिथे हा खेळ नको.

फक्त ब्राउझर, यूट्यूब, पत्रलेखन आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती या मशीनवर छान पळते. युनिकोड मराठी टायपिंगही त्यात होतं. टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरात असेल तर मात्र विंडोजवरच राहा.

## टप्पा ४: खरेदी

रॅम. ही दोन्ही मशीन डीडीआर३ ची. डेस्कटॉपची डीडीआर३ पट्टी २४० पिनांची, डीडीआर४ ची २८८, आणि खाचही वेगळ्या जागी. जोर लावून एक दुसरीत बसत नाही, बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो. दोन्ही बोर्डांवर सहसा दोनच स्लॉट असतात, एका स्लॉटला जास्तीत जास्त ८ जीबी. ८ जीबी करायची असेल तर ४ जीबीच्या दोन पट्ट्या एका ८ जीबीपेक्षा बऱ्या, कारण ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात. या मशीनचं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं, त्यामुळे त्यालाही फायदा होतो. तुमच्याकडे आधीच ४ ची एक पट्टी असेल तर तशीच दुसरी आणा आणि विषय संपवा. १६०० च्या वेगाची पट्टी १३३३ च्या मशीनमध्ये चालते, फक्त १३३३ ने चालते.

इशारा: ऑनलाइन अतिशय स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबी डीडीआर३ पट्ट्यांच्या वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर त्या चालतच नाहीत. चालू केल्यावर नुसता काळा पडदा.

एसएसडी. २.५ इंची सॅटा एसएसडी घ्या. एनव्हीएमई (पट्टीसारखी, याहून वेगवान एसएसडी) घेऊ नका. अडॅप्टर लावून ती या बोर्डांना जोडता आली तरी तिच्यावरून बूट होण्याची सोय एच६१ मध्ये सहसा नसते. २४० किंवा २५६ जीबीमध्ये विंडोज आणि प्रोग्राम आरामात मावतात, फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या. सगळं एसएसडीवरच हवं असेल तर ५०० जीबी.

एच६१ च्या सॅटा जोडण्या ३ जीबीपीएसच्या असल्याने एसएसडीचा वेग तिथे सेकंदाला २७०-२८० एमबीच्या आसपास अडकतो, तर एच८१ च्या ६ जीबीपीएसच्या जोडणीवर तो ५०० च्या वर जातो. त्यावरून ‘मग एच६१ ला एसएसडी कशाला’ असं दुकानात ऐकवलं जातं, त्याकडे लक्ष देऊ नका. रोजच्या वापरात मंदी येते ती हजारो बारीक फायली वाचण्यात. तिथे फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम एक एमबी देते आणि एसएसडी जुन्या जोडणीवरही तिच्या कितीतरी पट.

सोबत घ्यायचं: सॅटा डेटा केबल, २.५ ते ३.५ इंची ब्रॅकेट, सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरच्या घड्याळाचा), थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, ८ जीबीचा पेनड्राइव्ह. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की गावातल्या दुकानातून, पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कंपनीची आहे की दुकानदाराची हे त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.

## टप्पा ५: बॅकअप

बॅकअप म्हणजे मशीनच्या बाहेर असलेली प्रत. सी मधून डी मध्ये कॉपी केली तर तो बॅकअप होत नाही, कारण दोन्ही ड्राइव्ह एकाच डिस्कवर आहेत.

लोक डॉक्युमेंट्स आठवणीने घेतात आणि पुढच्या गोष्टी विसरतात:

- डेस्कटॉप आणि डाउनलोड्स फोल्डर. दोन्ही सी मध्येच असतात.
- ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड.
- आउटलुकची पीएसटी फाइल. सगळे मेल तिच्यात असतात.
- फॉन्ट. कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली जुनी पत्रं त्या फॉन्टशिवाय उघडली की नुसती चिन्हं दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते वेगळे काढून ठेवा.
- टॅलीचा डेटा फोल्डर. शिवाय लायसन्स टॅलीतूनच सरेंडर करा आणि मगच पुढे जा.
- जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर.
- बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, कागदावर.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाच-सहा फायली प्रत्यक्ष उघडून बघा. फोल्डरचं नाव दिसलं म्हणजे आतला माल शाबूत असतोच असं नाही.

## टप्पा ६: साफसफाई, सेल आणि पेस्ट

प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. सिंथेटिक कपड्यांत आणि गालिच्यावर हे काम नको. झाकण काढल्यावर आतल्या केबलींचा फोटो काढा.

धूळ ब्लोअरने आणि मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचा बेअरिंग जातो. पॉवर सप्लाय उघडू नका, त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धक्का देण्याइतका चार्ज राहतो.

घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर सेल बदला. चुकीच्या तारखेमुळे बँकेच्या साइट उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटला जातो. सेल बदलला की बायोस मूळ सेटिंगवर जातं आणि पुष्कळ एच६१ बोर्डांवर सॅटा मोड पुन्हा आयडीई होतो. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल तर लगेच निळा पडदा येतो. घाबरू नका, टप्पा २ मधला फोटो बघून मोड पूर्ववत करा.

पेस्ट दहा वर्षांत खडूसारखी कोरडी होते. ती बदलायची तर इंटेलच्या कूलरची चार टोकं आधी नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. प्रत्येक टोकाच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढलं की टोक सुटतं. चारही सुटली की कूलर किंचित डावी-उजवी पिळून उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. हाताने पसरवायची नाही, कूलरच ती दाबून पसरवतो. बसवताना आधी चारही डोकी बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, कूलर भोकांवर सरळ ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतली टोकं जोडीने दाबा. दर वेळी ‘टक्’ ऐकू यायला हवं. मग बोर्डाच्या मागून बघा: पांढऱ्या प्लास्टिकच्या पाकळ्या बाहेर येऊन त्यांच्यामधून काळी पिन दिसली पाहिजे. एकही टोक अर्धवट राहिलं तर कूलर तिरका बसतो आणि आधीपेक्षा जास्त तापतो.

इशारा: जुन्या एएमडी मशीनमध्ये कूलर सरळ वर खेचला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून प्लग काढा, कूलर पिळा आणि उचला.

तपासा: चालू करून एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये तापमान बघा. जड काम चालू असताना ८५ अंशांच्या खाली असावं.

## टप्पा ७: आधी रॅम

रॅम एसएसडीच्या आधी का? पट्टी सदोष असेल आणि तिच्यावरच विंडोज टाकलं, तर बिघडलेल्या फायली एसएसडीवर जातात आणि पुढे महिनाभर निळा पडदा कशामुळे येतो ते उमगत नाही.

स्लॉटचे खटके उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. खटके आपोआप मिटले म्हणजे पट्टी बसली, खटके हाताने मिटवावे लागले तर बसलेली नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर शेजारच्या दोन स्लॉटमध्ये पट्ट्या घालू नका, एकाआड एक घाला.

चालू केल्यावर बीप-बीप किंवा काळा पडदा आला तर पट्टीच्या सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने घासा, कचरा झटका, पुन्हा बसवा. तरीही नाही तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये घालून बघा, म्हणजे दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये ते कळेल.

तपासा: मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी परत करा.

## टप्पा ८: एसएसडी आणि विंडोज

एसएसडी ब्रॅकेटमध्ये बसवा. एच८१ वर ६ जीबीपीएसच्या दोनच जोडण्या असतात, बोर्डावरची छापील अक्षरं बघून त्यातली एक वापरा. पॉवरची सॅटा पिन शिल्लक नसेल आणि मोलेक्सवरून (चार पिनांची जुनी पॉवर जोडणी) कन्व्हर्टर घ्यावा लागला, तर वायरी एकाच ओतीव प्लास्टिकच्या गठ्ठ्यात गाडलेला स्वस्त कन्व्हर्टर टाळा. ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

आता दोन वाटा. वर्षानुवर्षांचा कचरा साठला असेल तर नवीन विंडोज टाका. पुन्हा टाकता न येणारे प्रोग्राम असतील तरच क्लोन करा.

नवीन विंडोज

1. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह तयार करा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं.
2. जुन्या हार्ड डिस्कची केबल काढा. हे टाळलं तर विंडोज आपली बूट फाइल जुन्या डिस्कवर ठेवतं. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की एसएसडी असूनही मशीन चालू होत नाही. शिवाय चुकून भलतंच पार्टिशन पुसलं जाण्याचा धोका राहत नाही.
3. बायोसमध्ये सॅटा मोड एएचसीआय करा.
4. पेनड्राइव्हवरून बूट करा. की विचारल्यावर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि आधी होती तीच आवृत्ती घ्या, होम असेल तर होम. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क किंवा रॅम बदलल्याने ते जात नाही.
5. सगळं झाल्यावर मशीन बंद करून जुनी डिस्क पुन्हा जोडा आणि बूट क्रमात एसएसडी पहिली ठेवा.

क्लोन

एसएसडी कंपनीचंच क्लोनचं सॉफ्टवेअर वापरा. जास्त मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर पार्टिशन आकसून नेण्याचं काम ते सांभाळून घेतं. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि ४८० ची एसएसडी ४४७. म्हणजे सरळ क्लोन अठरा जीबींसाठी अडतो. आधी ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून शेवटचं पार्टिशन ३० जीबींनी कमी करून ठेवा. एच६१ वर यूएसबी बहुधा २.० असते आणि तिच्यावरून २०० जीबी न्यायला सुमारे दोन तास लागतात. त्यापेक्षा दोन्ही डिस्क सॅटावर जोडा. इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय हे काम सुरू करू नका.

जुनं विंडोज आयडीई मोडवर असेल तर क्लोन झाल्यावर थेट एएचसीआय करू नका. ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग टिक काढा.

इशारा: क्लोननंतरचं पहिलं बूट जुनी डिस्क काढूनच करा. दोन्हीची ओळख सारखीच असल्याने विंडोजचा गोंधळ होतो.

## टप्पा ९: पहिल्या दिवशीच्या सेटिंग

अपडेट आणि ड्रायव्हर पूर्ण होऊ द्या. पहिले एक-दोन तास डिस्क खूप चालते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात नको ते बंद करा. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये सी पुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेलं असावं. एसएसडीला बाहेरच्या सॉफ्टवेअरने डीफ्रॅग कधीच करू नका. दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवा. दोन अँटिव्हायरस, रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर बूस्टर यातलं काहीही टाकलंत तर एवढ्या खटाटोपाची अर्धी कमाई तिथेच गेली.

आता टप्पा १ मधला कागद काढा आणि वेळ पुन्हा मोजा. मिनिटांत मोजत होतात ते आता सेकंदांत यायला हवं. तसं झालं नसेल तर डिस्क अजून आयडीई मोडवर आहे का, किंवा बूट जुन्याच डिस्कवरून होतंय का ते बघा.

## लॅपटॉपमध्ये वेगळं काय

बॅटरी काढा. ती आत बसवलेली असेल तर बोर्डावरची तिची पिन सर्वात आधी सोडवा. रॅम लहान आकाराची लागते. चौथ्या-पाचव्या पिढीच्या यू मालिकेच्या प्रोसेसरना डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टचीच चालते, १.५ ची घातली तर पडदा काळाच राहतो. पट्टी तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते, म्हणून स्लॉट आहे का ते आधी बघा.

डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावणार असाल तर जाडी मोजा. ९.५ आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार येतात. एसएसडी मूळ जागी बसवा आणि जुनी डिस्क कॅडीत.

## जुन्या डिस्कचं काय

पंधरा दिवस तिला हात लावू नका. या काळात ‘तो एक्सेलचा हिशेब कुठे गेला’, ‘लग्नाचे फोटो दिसत नाहीत’ हे प्रश्न येणारच. ते मिटल्यावर, टप्पा १ मध्ये ती निरोगी निघाली असेल तरच, तिच्यावरचं जुनं विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट करून साठवणुकीला ठेवा. पिवळी दिसली असेल तर माल काढून घ्या आणि मशीनमधून ती बाहेर काढा, कारण खराब डिस्क नुसती जोडलेली असली तरी फाइल एक्सप्लोरर तिच्यासाठी ताटकळत बसतो.